भागाबाईचे वाटे

लग्न होऊन मी कळमनुरीत आले तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीत मोडत होतो. माझं शिक्षण चौथी. भीड इतकी की दुकानदारानं "काय देऊ?" म्हटलं की मी मागं वळून पाहायची, दुसऱ्या कोणाला तर विचारत नाही ना. अशा सुनेला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, दुसऱ्याच आठवड्यात पिशवी देऊन बाजाराला धाडलं. मी वांगी आणली ती किडकी, कोथिंबीर आणली ती खालून पिवळी, आणि भाव सांगितला तेवढा देऊन आले. आत्याबाईंनी एकेक वांगं चिरून अंगणात मांडलं आणि शेजारणीला बोलावून दाखवलं. "बघा हो, आमच्या सूनबाईनं अळ्या इकत आनल्यात. वांगी वरून फुकट भेटली म्हना."

पुढच्या बाजाराला मी, जिथं तोंड उघडावं लागणार नाही असं दुकान शोधत फिरले. तशी मला भागाबाई सापडली.

बाजाराच्या एका टोकाला लिंबाचं झाड होतं. त्याखाली गफूरचाचा कांदे-लसूण घेऊन बसायचे आणि त्यांच्या शेजारी भागाबाई. तिच्यापुढं तरट अंथरलेलं आणि त्यावर ओळीनं भाजीचे वाटे. तागडी नाही, वजनं नाहीत. सगळ्या वाट्यांचा भाव एक. पैसे द्यायचे आणि वाटा उचलायचा. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. पण कोणता वाटा उचलावा ते कळेना. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत उभी राहिले.

"काय गं," भागाबाई म्हणाली, "वांग्यासंगं सोयरीक जमवायलीस का? किती येळ बघतीस? उचल की."

"कोणता उचलू?"

"कोन्ताबी. सगळे बराबर हायेत."

मी मधला उचलला. घरी आत्याबाईंनी त्यातलंही एक वांगं चिरलं, मग दुसरं चिरलं, मग काही न बोलता चुलीकडं गेल्या. त्या दिवसापासून दहा-बारा वर्षं मी भाजी भागाबाईकडूनच घेतली.

तिचं पूर्ण नाव चंद्रभागा. ती वाटे लावायची म्हणून लोक गमतीनं म्हणायचे, भाग करती ती भागाबाई. अंगानं उंच, हाडकुळी. बोटं लांब आणि अंगठ्याच्या पेरावर भाजी खुडून खुडून हिरवा डाग पडलेला, तो धुतला तरी जात नसे. तिचं गाव कयाधूच्या काठाला होतं. तिथं नदीला लागून तिचा जमिनीचा एक पट्टा होता. त्यात पिकेल ते आणि बांधावर उगवेल ते ती घेऊन यायची. पावसाळ्यात तरोटा, आंबाडी, करटुले. भादव्यानंतर वाळकं. थंडीत वांगी, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, बोरं. ऊन तापलं की घोळ आणि चिवळ. एकदा चैत्रात एक बाई वालाच्या शेंगा मागायला लागली, तर भागाबाई म्हणाली, "शेंगाला सांगून ठिवलंय मी. दिवाळी झाल्यावर येते म्हनली."

तिची वाटे लावायची रीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे. आधी सगळा माल तरटावर ओतायचा. मग दोन्ही हातांनी भराभर वाटे टाकत जायचं. त्या वेळी ती फारसं बघायचीही नाही. मग जरा मागं सरकून, एक डोळा बारीक करून, मान वाकडी करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर न्यायची. मग हात पुढं करून इथली एक मिरची तिथं, तिथली चार पानं इथं. "हां," म्हणायची, "आता झालं." एकदा हां म्हटल्यावर वाट्याला कोणी हात लावलेला तिला खपायचा नाही. उचलायचा तर अख्खा वाटा उचला. निवडानिवड केली की ती हातावर चापट मारायची, मग तो हात कोणाचाही असो.

आणि वरून काही द्यायची नाही. बाजारात सगळे देतात, भाजी घेतली की दोन मिरच्या, चार काड्या कोथिंबीर. मास्तरीणबाई म्हणून एक बाई होत्या, शाळेतल्या मास्तरांच्या मंडळी. त्यांना वरून घेतल्याशिवाय बाजार केल्यासारखं वाटायचं नाही. त्या म्हणायच्या, "भागाबाई, टाका की दोन मिरच्या. नेहमीचं गिऱ्हाईक आम्ही."

"टाकते की," भागाबाई म्हणायची. "कोनाच्या वाट्यातून काढू? नाव सांगा, मंग काढते."

मास्तरीणबाई रागानं निघून जायच्या आणि पुढच्या बाजाराला परत यायच्या.

एकदा वजनं तपासणारे साहेब बाजारात आले. बरोबर शिपाई, त्याच्या हातात पेटी. ज्यांच्या वजनांवर ठप्पा नव्हता ते आपापली वजनं पोत्याखाली सारत होते. साहेब भागाबाईपुढं उभे राहिले. "बाई, तुझा काटा कुठंय?"

भागाबाईनं दोन बोटं आपल्या दोन डोळ्यांकडं नेली. "हे काय. मारा ठप्पा."

बाजार हसला. साहेबही हसले, पण हट्टाला पेटले. त्यांनी गफूरचाचांची तागडी घेतली आणि करटुल्याचा एक वाटा एका पारड्यात, दुसरा दुसऱ्यात घातला. लोक गोळा झाले. काटा हलला, डुलला आणि एका बाजूला जरासा कलून थांबला. "फरक आहे," साहेब म्हणाले.

भागाबाई जागची उठलीसुद्धा नाही. "माझ्या वाट्यात न्हाई. चाचाच्या तागडीत हाय."

गफूरचाचांचा चेहरा पडला. "तोबा! भागाबाई, तीस साल की तागडी है मेरी."

"तीस सालात एकदा तरी धुतली का?"

शिपायानं पारडं उलटं केलं. खाली लसणाच्या सालपटासकट मातीचा चपटा गोळा चिकटलेला होता. तो खरवडल्यावर दोन्ही पारडी अशी समोरासमोर उभी राहिली की कोणीतरी टाळ्या वाजवल्या. चाचा पुढं वर्षभर आपल्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "शक हो तो बाजू में पूछ लो. उनकी आँख सरकारी है."

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी सावलीला टेकले होते. तिच्याशी मी बोलत असे, कारण माझं निम्मं बोलणं तीच बोलून टाकायची. मी विचारलं, हे कुठं शिकलात. ती म्हणाली, "शिकते कुठं माय. दुष्काळ व्हता. आमी सात लेकरं. माय कामावर जायची अन् मला सांगून जायची, भाकरीचे वाटे तू कर. पन वाटे करनारानं शेवटी उचलायचा. सगळ्यायनं उचलल्यावर ऱ्हाईल ते तुझं." ती हसली. "पयल्या दिवशी माझ्या वाट्याला एवढासा तुकडा आला. दुसऱ्या दिवशी मी असे वाटे केले का कोन्ता मोठा ते देवालाबी सापडू नये."

अजूनही ती तसंच करायची. संध्याकाळी शेवटचा राहील तो वाटा स्वतःच्या घरी न्यायची आणि त्याचीच भाजी करायची.

हे असं चाललं होतं. हिंगोली जिल्हा झाला. रुपयाचा वाटा दोनाचा, मग पाचाचा झाला. माझी मुलं शाळेत जायला लागली.

मग एका वर्षी माझ्या लक्षात आलं की भागाबाई हात लावून पैसे ओळखते. नाण्याच्या कडेवरून अंगठा फिरवते. मी समोर उभी राहिले तर आवाज केल्याशिवाय तिला कळत नाही. "कोन? कमल का?" असं ती विचारायची. मी म्हटलं, डोळ्यांना कमी दिसतं का? तर म्हणाली, "धूर झाल्यावानी दिसतंय. उन्हानं आसंल."

आणि वाटे लहानमोठे व्हायला लागले.

आधी थोडे, मग कोणालाही दिसतील इतके. ती तशीच मागं सरकायची, एक डोळा बारीक करायची, मान वाकडी करायची, इथली मिरची तिथं ठेवायची आणि हां म्हणायची. पण कुठं आठ वांगी पडलेली असायची आणि कुठं पाच. कोणी तिला सांगितलं नाही. उलट बाजारात ही गोष्ट कुजबुजत पसरली. सकाळीच तिच्याकडं गर्दी व्हायला लागली. मास्तरीणबाई आपल्या जावेला घेऊन येताना मी ऐकलं, "लवकर चल गं, मोठे वाटे आधी जातात." बायका यायच्या, नजरेनं मोठा वाटा हेरायच्या आणि उचलून चालू लागायच्या. दुपारपर्यंत बारके बारके वाटे तेवढे राहायचे.

भागाबाई खुशीत होती. मला म्हणायची, "कमल, औंदा गिऱ्हाईक लई वाढलं बग. सकाळी सकाळीच झुंबड. लोकायला पटलं म्हनायचं आपलं काम."

मी "हो" म्हणायची. गफूरचाचा कांदे वरखाली करत राहायचे.

मला एवढंच सुचलं की आपण मोठा वाटा उचलायचा नाही. मी दुपारी जायला लागले आणि बारका वाटा आणायला लागले. आत्याबाई म्हणायच्या, "भागाबाईचा हात आखडला का?" मी वांगी चिरायला घ्यायची. असं दोन वर्षं.

दुसऱ्या वर्षी भोगीचा बाजार आला. भोगीला आमच्याकडं मिसळीची भाजी करतात, म्हणून त्या दिवशी भागाबाई सगळ्या जिनसांचे एकत्र वाटे लावायची. वांगी, गाजर, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, वर पाच बोरं. वर्षातले सगळ्यात अवघड वाटे हेच आणि तिला सगळ्यात जास्त हौस यांचीच. मला घरी लवकर जायचं होतं म्हणून मी सकाळीच गेले. ती नुकतीच हां म्हणून मागं टेकली होती. एका वाट्यात गाजरं पाच आणि शेजारच्यात एकही नाही. एकीकडं हरभऱ्याचा ढीग आणि एकीकडं नुसती बोरं. समोरून बायका येत होत्या. आज सणाचा बाजार, आज हसतील, असं वाटलं.

मी खाली बसले आणि हात घातला. दोन गाजरं इकडून तिकडं ठेवली. मूठभर शेंगा उचलल्या. वांगं उचललं, तेवढ्यात माझं मनगट धरलं गेलं.

"कोन हाय?"

"मी," मी म्हणाले.

"कमल?" तिचा हात सैल झाला नाही. "तू माझ्या वाट्याला हात लावायलीस?"

मास्तरीणबाई तोवर पोहोचल्या होत्या. "मी बघितलं हो भागाबाई. या वाट्यातलं काढून त्या वाट्यात घालत होती. आपला वाटा मोठा करून घेत होती. आणि आम्ही दोन मिरच्या मागितल्या की आम्हाला ऐकवता!"

माझ्या हातात वांगं होतं. सगळे बघत होते. भागाबाई माझ्या तोंडाकडं बघत होती, पण तिची नजर जरा बाजूला, माझ्या कानापाशी लागली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "बारा साल झाले गं. तुला काय कमी पडत व्हतं तर मागायचं. चोरायचं काहून?"

एक वाक्य बोलायचं होतं. वाटे सारखे नाहीत, एवढंच. ते सगळ्या बाजारासमोर बोलावं लागलं असतं. मी बोलले नाही. पुढं आमच्या ह्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तू तिचा मान राखलास. मलाही तसं म्हणून घ्यायला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मला माहीत नाही. मान राखला, का नेहमीसारखं तोंडच फुटलं नाही, हे मी अजून ठरवू शकलेली नाही. वांगं खाली ठेवलं आणि घरी आले. भोगीची भाजी त्या वर्षी शेजारणीनं दिली.

त्यानंतर मी लिंबाकडं जायची नाही. दुसऱ्या ओळीतून, काट्यावर मोजून भाजी घ्यायची. उन्हाळ्यात कोणीतरी म्हणालं की भागाबाईला तिच्या भावानं हिंगोलीला शिबिरात नेलं, मोतीबिंदू काढला, दोन्ही डोळ्यांचा. मला बरं वाटलं. वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही.

श्रावणातल्या एका बाजारी मी कांद्याचं निमित्त करून गफूरचाचांकडं गेले. भागाबाई तिच्या जागेवर होती, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. तरटावर भेंडी, गवार आणि करटुल्यांचे वाटे लावलेले. मी चाचांच्या पाठीमागून बघितलं. वाटे असे होते की साहेबांनी पुन्हा यावं आणि तागडीत घालावेत.

पण गर्दी नव्हती. बायका यायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर न्यायच्या, घुटमळायच्या आणि पुढं जायच्या. मास्तरीणबाई आल्या. त्यांनी दोनदा फिरून बघितलं आणि म्हणाल्या, "भागाबाई, वाटे लहान केलेत की हो. आधी बरे असायचे."

"लहान न्हाईत बाई. हायेत तेवढेच हायेत."

"छे, छे. आधी चांगले मोठे असायचे. आम्ही काय आजचं गिऱ्हाईक आहोत?" आणि त्या दुसऱ्या ओळीला गेल्या.

भागाबाई वाट्यांकडं बघत राहिली. मग ज्या बाजूला मास्तरीणबाई गेल्या तिकडं. मग परत वाट्यांकडं. मग म्हणाली, "चाचा."

"हां."

"मला दिसत नव्हतं तवा माझे वाटे लहानमोठे व्हायचे का?"

गफूरचाचांनी एक कांदा उचलला, त्याचं सालपट काढलं, मग आणखी एक काढलं.

"चाचा, मी इचारून राहिले."

"जाने दो ना भागाबाई," चाचा म्हणाले. "हो गया सो हो गया."

तिला उत्तर मिळालं होतं. तिनं मान वर केली आणि चाचांच्या मागं उभी असलेली मी तिला दिसले. एवढ्या लांबून तिनं मला याआधी ओळखलं होतं त्याला तीन वर्षं तरी झाली असतील. "कमल. इकडं ये."

मी गेले. तिनं माझा हात हातात घेतला आणि मनगटाकडं बघत विचारलं, "भोगीला तू लहान वाट्यात घालत व्हतीस. व्हय ना?"

मी मान हलवली.

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता न्हाई का वाटत?"

मी खाली बघितलं. मला वाटलं ती चोर म्हटल्याबद्दल बोलेल, मला जवळ घेईल, आणि मी रडायची तयारी केली होती. पण तिच्या मनात मी नव्हतेच. ती म्हणाली, "मोठे वाटे सकाळी जायचे आसतील. सांजच्याला येनाऱ्या कोन? निंदायला जानाऱ्या बाया. रोजाचे पैशे भेटल्यावर येतात त्या. दोन साल मी त्यायच्या पदरात कमी घातलं. पैशे पुरे घेतले अन् कमी घातलं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू दर बाजारी बघत व्हतीस गं."

मला त्या बायकांचा विचार एकदाही आला नव्हता. मी बारका वाटा घरी आणून आपण चांगलं वागलो असं समजत होते.

मी घरी गेले नाही. कांद्याची पिशवी घेऊन चाचांच्या पोत्याशी बसून राहिले. भागाबाईनं दोन्ही हात पुढं केले आणि एका टोकापासून सगळे वाटे मोडत आणले. भेंडी, गवार, करटुले, सगळं एका ढिगात. मधे एक-दोन गिऱ्हाइकं आली. "वाटा केवढ्याला?" तिनं मान हलवली, "आज न्हाई."

दिवस कलला तशा निंदणाऱ्या बायका आल्या. पायाला चिखल, कमरेला खुरपी खोवलेली. ढीग बघून त्या थबकल्या. "माय, आज वाटे न्हाई केले?"

"पदर धरा," भागाबाई म्हणाली.

ती उभी राहिली आणि ओंजळीनं घालायला लागली. एकीला तीन ओंजळी, दुसरीला चार, कोणाला किती ते तिनं बघितलं नाही. बायका आधी लाजल्या, मग हसायला लागल्या. एक म्हणाली, "भागाबाय, डोळे आले अन् डोकं गेलं का गं?" दुसरी पैसे काढायला लागली तर तिनं त्या बाईची मूठ मिटून दिली. "पन हे कशाचं?" ती बाई विचारत राहिली. भागाबाई पुढच्या पदराकडं वळली. ढीग संपला तेव्हा तिनं तरट झटकलं, घडी करून हाऱ्यात घातलं आणि हारा डोक्यावर घेतला. स्वतःला एक भेंडीसुद्धा ठेवली नव्हती.

त्यानंतर ती बाजारात बसली नाही. गफूरचाचा म्हणायचे, गावातच असते, शेतावर जाते, तब्येत बरी आहे. काही वर्षांनी चाचांनीच सांगितलं की गेली. मी तिच्या गावाला कधी गेले नाही. जायचं ठरवायची आणि तिथं जाऊन काय बोलायचं हे सुचायचं नाही.

वाटे मोडले त्या संध्याकाळी हारा डोक्यावर घेऊन ती माझ्या अंगावरून गेली. तिनं मला बघितलं, चष्म्यातून नीट बघितलं, आणि थांबली नाही. निंदणाऱ्या बायका मोटारस्टँडकडं निघाल्या होत्या, त्यांच्यात ती मिसळली. मी उठून उभी राहिले. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. सात-आठ बाया होत्या, सगळ्यांच्या डोक्यावर काही ना काही ओझं, आणि रस्त्यात अंधारून येत होतं. थोड्या वेळानं त्यातली भागाबाई कोणती, ते मला ओळखू येईना.